कॅरियरवरचा गडवा

माझी नात जुही दसऱ्यापासून सायकल निवडते आहे. दसरा झाला, दिवाळी झाली, काल भाऊबीजही झाली, तरी सायकल अजून तिच्या फोनमध्येच आहे. एक म्हणे फार जड, एक फार नाजूक, एक रेसची, तिच्यावर वाकून बसावं लागतं, आणि एक डोंगरातली, तिची चाकं पाहून मला ट्रॅक्टर आठवला. हिला हवी मधली. सिविक सेंटरच्या ऑफिसात रोज जाता यावं, रविवारी मैत्रिणींबरोबर शिवनाथ नदीच्या काठानं कच्च्या रस्त्यावर भटकता यावं, आणि खिसाही फाटू नये. मी काही बोलायला गेले की उत्तर ठरलेलं, "आजी, थोडा और देख लेते हैं ना. घाई कायची आहे?" आणि पुन्हा मुंडकं फोनमध्ये.

घाई कायची आहे! हे वाक्य ऐकलं की माझ्या मस्तकात तिडीक जाते. पोरीचा काही दोष नाही, तिला काय माहीत. पण कार्तिकातल्या असल्या सकाळी, अंगणात शाल पांघरून चहा पिताना, कुणी सायकलीबद्दल "घाई कायची" म्हटलं की माझा चहा कडू होतो.

परवा ती मला दुकानातही घेऊन गेली. रंगीत, चकचकीत सायकली ओळीनं टांगलेल्या. मी सगळ्या फिरून पाहिल्या आणि दुकानदाराला विचारलं, "भैया, इसमें कॅरियर किधर है?" तो हसला. म्हणाला, "माताजी, अब पीछे कौन बैठता है?" मी बाहेर येऊन ओट्यावर बसले. जुहीला वाटलं मला चक्कर आली.

चक्कर कसली. मला बाबांची सायकल आठवली होती.

तेव्हाची भिलाई तुम्ही पाहिली नाही. आत्ताची ही झाडं, या सावल्या, हे चौक, यातलं काही नव्हतं. पोलादाचा कारखाना अजून उभा राहत होता आणि त्याच्याबरोबर आम्हीही. लाल मुरमाचे रस्ते, त्यांच्यावर दिवसभर ट्रक, आणि ट्रक गेला की धुळीत समोरचं क्वार्टर दिसेनासं व्हायचं. नव्या चुन्याचा वास घराघरात. संध्याकाळी भट्टीतून लोखंड ओतलं की कारखान्याकडचं सगळं आभाळ तांबडं व्हायचं, आणि गावाकडून नवी आलेली माणसं घाबरून बाहेर पळायची, कुठं आग लागली म्हणून. शेजारी एक बंगाली, पलीकडे तेलुगू, समोर पंजाबी. आम्ही भंडाऱ्याकडचे, धानाच्या मुलखातले. सगळे सगळ्यांशी मोडक्या हिंदीत बोलायचे आणि दार लावलं की आपापल्या भाषेत.

बाबा कारखान्यात लागले होते, पण डोक्यानं अजून बांधावरच उभे होते. गावाकडे त्यांचं नाव होतं ते बैल पारखण्यात. शंकरपटात बैल धावायचे असले की लोक आधी बाबांना बोलवायचे. बाबा बैलाभोवती फिरायचे, पाठीवर हात ठेवायचे, खूर बघायचे, चालवून बघायचे, आणि मग चार दिवस काही बोलायचे नाहीत. माय म्हणायची, "तुह्या बाबानं मले पाहाले आले तवा एवढा टाईम नाही लावला, जेवढा बैलाले लावते." आणि पदर तोंडाला लावून हसायची. माझी माय हसली की तिच्या उजव्या गालावर खळी पडायची. ते हसणं बाबांनी सायकल घेतली त्या वर्षी मी शेवटचं मोकळं पाहिलं.

मायला माहेरचं असं एकच माणूस होतं, तिचा भाऊ. माझा सुखदेवमामा. आईबाप लवकर गेले, तर यानंच तिला वाढवली. मंडईच्या दिवशी गर्दीत तिला काही दिसत नाही म्हणून खांद्यावर घेऊन दंडारीचा नाच दाखवायचा, असं माय सांगे. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगावी मंडई भरते. दिवसा बाजार आणि दंडार, रात्री नाटक, आणि प्रत्येक घरी पाहुणे. मंडईला बहीण आली नाही तर भावाचं घर ओसाड दिसतं, असं आमच्याकडे मानतात. मामा दरसाल बैलबंडी घेऊन आमगावच्या स्टेशनवर यायचा आणि आम्हाला घेऊन जायचा.

त्या वर्षी दसऱ्याला मेश्रामकाका आले. हे दुर्गला रेल्वेत होते, आमच्याच गावाकडचे. लाइनवरच्या माणसांकडून निरोप यायचे ते त्यांच्याकडे आणि तिथून आमच्याकडे. वळणावरूनच सायकलची घंटी वाजवत यायचे. चहाची कपबशी हातात घेत म्हणाले, "सुखदेवचा निरोप हाय वो बाई. अंगात कणकण राह्यते म्हणते. औंदा बंडी घेऊन येनं नाही होत. धान उभं हाय, बैल कापनीत गुंततीन. पण मंडईले तुमी याच म्हणते. बहिनीले पाहाचं हाय म्हणते."

मायचा चेहरा उतरला. आमगावपासून मामाचं गाव कितीतरी कोस आत. आणि तिला चालवत नव्हतं. त्याला कारण होतं, ते मला मोठी झाल्यावर कळलं, पण इथं सांगून टाकते. आदल्या वर्षी मंडईहून परत येताना मायला सहावा महिना होता. मामाला ताप होता म्हणून बंडी बाबा हाकत होते. स्टेशनवर गाडी चुकेल म्हणून त्यांनी बैल पळवले. चाकोऱ्यांनी रस्ता खोल गेलेला. मला एवढंच आठवतं की माझ्या मांडीवरचे चुरमुरे सगळे उडाले आणि मी रडले, आणि माय दोन्ही हातांनी बंडीच्या दांड्या धरून डोळे मिटून बसली होती. गाडी मिळाली आम्हाला. बाळ मात्र राहिलं नाही. तेव्हापासून तिची कंबर धरलेली, दोन शेतं चालली की बसावं लागे. बाबा त्याबद्दल कधी अवाक्षर बोलले नाहीत. पण त्यानंतर मी त्यांना कशाचीच घाई करताना पाहिलं नाही. भोंगा वाजायच्या कितीतरी आधी घरून निघायचे, हळूहळू चालत.

"मंग कसं जाचं जी?" मायनं विचारलं.

बाबा म्हणाले, "सायकल घेऊ."

माय बघतच राहिली. बाबा म्हणाले, "घ्याचीच तं हाय. ड्यूटीवर पायी किती दिस जाऊ? रोज कारखान्यात बी जाईन, सुपेल्याचा बाजार बी आनीन. अन् गाडीत टाकून आमगावले उतरवू, तुले मांग बसवू, पोरगी समोर दांडीवर. एक हादरा लागू देत नाही तुले. पाहाय तू."

"खरंच जी?"

"बैल पारखला नाही का आजवर? हे तं लोखंड हाय."

तेव्हा ती हसली. खळी पडली.

इथून बाबांचं सायकल निवडणं सुरू झालं, आणि देवा, काय ते निवडणं! आमच्या गावाकडे नवरी सासरी पाठवायची बंडी आधी तपासून घेत. पितळी गडवा काठोकाठ भरायचा, बंडीत नवरीच्या जागी ठेवायचा आणि बंडी वेशीपर्यंत नेऊन आणायची. पाणी सांडलं तर ती बंडी नवरीची नाही. आजोबा असंच करत. बाबांनी सायकलीलाही तोच कायदा लावला. सुट्टीच्या दिवशी कुणाची ना कुणाची सायकल मागून आणायचे. मायच्या लग्नातला गडवा काठोकाठ भरायचे, सुतळीनं कॅरियरवर बांधायचे आणि क्वार्टरांच्या ओळीतून मुरमाच्या रस्त्यानं टोकापर्यंत जाऊन यायचे. आम्ही दारात उभे. सगळी ओळ दारात उभी. पंजाबी चाचा ओरडायचे, "ओय भाई, दूध बेचने लगा है क्या?" बाबा ऐकूनही न ऐकल्यासारखं करायचे. परत आले की उतरून आधी मागे वळून रस्त्याकडे बघायचे. धुळीत पाण्याची ओली रेघ उमटलेली असायची.

"नाही जमत," म्हणायचे आणि सायकल ज्याची त्याला देऊन यायचे.

दूधवाल्याची दोन दांड्यांची सायकल आणली, ती रेड्यासारखी मजबूत, पण खड्ड्यात गेली की अर्धा गडवा खाली. एका फोरमनची विलायती सायकल आणली, हलकी, देखणी, बाबा तिच्यावर साहेबच दिसत होते. तीही डुलायची, माणूस मागे बसला की चाक जागा सोडेल असं वाटायचं. सुपेल्याच्या सेठनं स्वस्तातली एक दिली, तिचं कॅरियर म्हणजे पत्र्याची पट्टी. त्यानंच एक फार महागाची दाखवली, तिला दिवा, साखळीवर झाकण, सगळं होतं. बाबा म्हणाले, "दिव्याले काय करू? मांग बसनाऱ्याले दिवा लागत नाही." सेठ कपाळाला हात लावायचा. "भैया, साइकिल ले रहे हो कि बहू?" असं एकदा म्हणाला. बाबा त्याच्यावर रागावले नाहीत. बहुधा त्यांना ते बरोबरच वाटलं असावं.

मला मज्जा वाटायची, हे खोटं कशाला सांगू? दर सुट्टीला नवी सायकल दारात. मी गडवा भरून द्यायची. मायलाही सुरुवातीला आवडायचं. आपल्यासाठी कुणी एवढं बघतंय, हे कुठल्या बाईला आवडणार नाही? ओली रेघ पाहून ती उगीच रुसल्यासारखं करायची, "सांडली ना मले?" म्हणायची.

पण दिवस कुणासाठी थांबतात? दिवाळी आली. भाऊबीज आली. आमच्या शेजारणी, ज्यांना भाऊ नव्हता त्या, संध्याकाळी ताट घेऊन अंगणात येऊन चंद्राला ओवाळत होत्या. एकीनं मायला हाक मारली. माय दारातूनच म्हणाली, "मी कावून चंद्राले ओवाळू? माहा भाऊ हाय ना बापा, धडधाकट." आणि भरलेलं ताट तसंच कोनाड्यात ठेवलं. निरांजनाचं तूप थिजून गेलं. मंडईला नेऊन तिथंच ओवाळीन म्हणाली.

मंडई तोंडावर आली. मेश्रामकाका पुन्हा आले. मामाचा ताप उतरत नव्हता. "सुखदेव रोज पुसते म्हणते, निघाले का म्हणून," काका म्हणाले. मग बाबांकडे वळून, "भाऊ, माही सायकल घेऊन जा ना. मी पायी जाईन चार दिस."

बाबांनी गडवा बांधून तीही फिरवली. रेघ उमटली.

काका चिडले. "अति शहाना त्याचा बैल रिकामा, असं होईल तुमचं, सांगून ठेवतो!" म्हणाले आणि घंटी न वाजवता निघून गेले.

आणि आणखी एक गोष्ट होती, ती सांगितली तर आजच्या पोरांना खोटी वाटेल. आमच्याकडे उभ्या धानावर जनावर घेत नाहीत. धान कापलं, पुंजणे रचले, मग बैल घ्यायचा. आधी घेतलेला लाभत नाही म्हणतात. बाबांना आता पगार महिन्याला मिळत होता, त्यांच्या नावावर धानाची एक बांधी राहिली नव्हती, तरी त्यांचं पंचांग धानाचंच होतं. सेठकडे एक सायकल त्यांच्या मनात भरत आली होती, ना जड ना हलकी, ना स्वस्त ना महाग, कॅरियर रुंद. पण ते म्हणाले, "धान घरात येऊ दे." कुणाचं धान, बाबा? कुणाच्या घरात? आणि गंमत म्हणजे मायही यावर काही बोलली नाही. ती त्याच मातीतली. तिलाही वाटलं, हो, खरंच, उभ्या धानावर कसं घ्यायचं.

फक्त एकदा, भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "जरा घाई करा जी."

बाबांनी तिच्या पुढ्यातली एक जुडी ओढून निवडायला घेतली. मग म्हणाले, "मांगच्या साली घाईच केली होती ना वो?"

मायनं मान खाली घातली. मंडईचा दिवस आला आणि गेला. त्या दिवशी तिनं घरात गोड केलं नाही.

मार्गशीर्ष लागला. सकाळी धुकं एवढं की कारखान्याच्या चिमण्या नुसत्या वरच्या वर दिसायच्या. धानाची कापणी आटोपल्याचं कळलं आणि बाबांनी ती सायकल घेतली. सेठच्या मिस्त्रीकडून कॅरियरखाली चपट्या स्प्रिंगा बसवून घेतल्या. टायरात हवा जरा कमी ठेवायला सांगितली. मग सुपेल्याच्या फाटकापासून, जिथं रस्ता सगळ्यात वाईट होता तिथून, गडवा बांधून आले. ओळीतली सगळी माणसं बाहेर. बाबा उतरले. मागे वळून पाहिलं. धूळ कोरडी होती. गडवा सोडून त्यांनी मायच्या हातात दिला, तो काठोकाठ होता.

"एक थेंब सांडला नाही," बाबा म्हणाले. मी त्यांना एवढं खूश कधीच पाहिलं नव्हतं, पुढेही नाही.

मायनं सायकलीची चाकं धुतली, हळदकुंकू लावलं, नव्या बैलाला ओवाळतात तसं ओवाळलं. मग दुपारभर बसून जुन्या लुगड्याची गादी शिवली, कापूस घालून, कॅरियरच्या मापाची, चारी कोपऱ्यांना बंद. घंटी मी वाजवून वाजवून सगळ्यांचे कान किटवले. मोठी गोड घंटी होती. उद्याच्या गाडीनं निघायचं ठरलं. भाऊबिजेचं ताट मायनं फडक्यात बांधलं, सुपारी, कुंकू, नवीन वात.

सकाळी आम्ही तयार होऊन दारात उभे असताना धुक्यातून मेश्रामकाका आले. वळणावर घंटी वाजली नाही. हे मला नंतर कळलं, की मायला तिथंच कळलं होतं. काका सायकलवरून उतरले, सायकल भिंतीला लावली आणि बोलायला तोंड उघडलं, त्याआधीच माय खाली बसली.

आम्ही त्याच गाडीनं गेलो. ठरल्याप्रमाणे सायकलही सामानाच्या डब्यात चढवली, ती घरी ठेवायचं कुणाला सुचलंच नाही. आमगावला बाबांनी ती उतरवून घेतली, गादी नीट केली आणि म्हणाले, "बस."

माय चालू लागली.

"बस वो. नाही होत तुह्यानं."

"नाही जी," ती म्हणाली. एवढंच.

दोन्हीकडे कापलेल्या धानाची बुडखं, मधे चाकोऱ्यांचा रस्ता, पुढे माय, कमरेवर एक हात ठेवून, मागे बाबा सायकल हातानं ढकलत, आणि त्या गादीवर मी. वाटेत ती किती वेळा बांधावर बसली, पुन्हा उठली. बाबा थोडं अंतर ठेवून थांबायचे, ती उठली की चालायला लागायचे. एका मोठ्या चाकोरीतून सायकल गेली आणि मला काहीच लागलं नाही. मी खुशीत म्हटलं, "बाबा, हादरा बसलाच नाही!" लहान होते, काय कळत होतं? बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही.

मामाच्या अंगणात धानाचे पुंजणे रचून ठेवलेले होते, चुरणी, म्हणजे मळणी, व्हायची होती. माणूस मात्र आमच्या येण्याआधीच नदीवर नेलेला. मामी मायच्या गळ्यात पडून रडताना सांगत होती, "मंडईपासून खाट दारातच टाकून होते वो बाई. जावई सायकल घेऊन राहिले, तिले सायकलवर आनते म्हनत होते साऱ्याईले. जराकसा आवाज झाला की म्हनत, पाहाय वो, घंटी वाजली का?"

बाबा कुडाजवळ सायकल धरून उभे होते. त्यांनी घंटीवर हात ठेवला, जणू ती आपोआप वाजेल. परत भिलाईला आलो तेव्हा त्यांनी ती घंटी काढून टाकली.

बैल गेला आणि झोपा केला, असं लोक म्हणतात. आमच्या ओळीतही म्हणाले असतील. मला बाबांचा राग यायचा, पुष्कळ वर्षं यायचा. एवढं बघायला ती काय आगगाडी होती? कुणाची तरी सायकल घेऊन, हळूहळू, जिथं खड्डा तिथं उतरून, नसतं का पोचता आलं? मग मला ती बंडी आठवायची, मायचे मिटलेले डोळे, आणि रागावायचं कुणावर हे कळेनासं व्हायचं. घाईनं एक नेलं आणि उशिरानं एक. बिचाऱ्या माणसानं करायचं तरी काय होतं?

सायकल मात्र खरंच चांगली निघाली. बाबा तिच्यावरून नोकरीभर कारखान्यात गेले. मी तिच्या दांडीवर बसून शाळेत गेले, पुढे सायकल चालवायलाही तिच्यावरच शिकले. तिनं पोती वाहिली, सिलिंडर वाहिले, पावसात, उन्हात, कच्च्या रस्त्यानं, डांबरी रस्त्यानं. लोक म्हणायचे, काय पारख आहे हो तुमची! बाबा मान हलवायचे आणि दुसरा विषय काढायचे.

आणि माय त्या कॅरियरवर कधी बसली नाही. भांडण नव्हतं दोघांत. ती त्यांचा डबा करायची, पाय चेपून द्यायची, आजारपणात रात्र रात्र जागायची. पण बस म्हटलं की, "नाही जी." पुढे पुढे बाबांनी म्हणणंच सोडलं. बाजाराला सुपेल्याला निघाले की ते सायकल हातात धरून तिच्याबरोबर पायी चालायचे. एका बाजूला ते, एका बाजूला ती, मधे सायकल. पिशव्या हँडलला टांगलेल्या. कॅरियरवर भाजीची जुडीसुद्धा ठेवायचे नाहीत. सेक्टरमधली पोरं हसायची, हे म्हातारा-म्हातारी सायकलीला फिरायला नेतात म्हणून. आणि ती गादी फाटली की माय नवी शिवायची. न बोलता, दर दोन-तीन वर्षांनी, जुन्या लुगड्याची, चार बंद लावून. बसायचं नाही, तर शिवायची तरी कशाला, हे मी तिला विचारलं नाही. काही गोष्टी आईला विचारवत नाहीत.

पुढच्या वर्षीची भाऊबीज मला स्वच्छ दिसते. संध्याकाळी ती स्वतःहून ताट घेऊन अंगणात आली. कारखान्याकडचं आभाळ तांबडं झालेलं, त्यात ती बारीकशी कोर दिसता दिसत नव्हती. मायनं किती वेळ ताट हातात धरून ती शोधली. बाबा दारात सायकलीला टेकून उभे होते. त्यांनीच शेवटी बोट दाखवलं, "ते पाहाय, चिमनीच्या डावीकडे." मायनं ओवाळलं, आणि मग दरवर्षी ओवाळत राहिली.

काल मी हे सगळं जुहीला सांगितलं. तिनं फोन उचलला आणि दुकानदाराला म्हणाली, "भैया, वो बीच वाली आज ही चाहिए. कॅरियर लगा के." त्यानं काहीतरी विचारलं असावं. ती म्हणाली, "आजी को बिठाना है." पोरगी वेडी आहे. मी या वयात सायकलीवर बसणार आहे का? पण मी तिला नको म्हटलं नाही. जुन्या साडीचं, कापूस घालून, काहीतरी शिवायला घेतलंय सकाळपासून.

एक गोष्ट मात्र तिला सांगायची राहिली.

माय थकली तेव्हा बाबाही म्हातारे झाले होते. असाच कार्तिक होता. तिच्या छातीत पाणी झालं होतं, हॉस्पिटलात न्यायचं होतं. मी माहेरी आलेले. बाबा रिक्षा बघायला चौकात निघाले, तर माय भिंतीला धरून अंगणात आली आणि सायकलीच्या गादीवर हात ठेवून उभी राहिली.

"मी याच्यावरच बसतो," म्हणाली.

बाबांना ऐकू आलं नाही असं मला वाटलं. पण आलं होतं. ते परत फिरले. त्यांना आता तिला बसवून सायकल चालवणं शक्य नव्हतं, हात कापायचे. आम्ही दोघांनी तिला उचलून गादीवर बसवलं. अंगात काही राहिलंच नव्हतं तिच्या. बाबांनी दोन्ही हातांनी हँडल धरलं आणि ढकलू लागले. मी मागून तिच्या पाठीला हात लावून चालत होते. तिनं एक हात बाबांच्या खांद्यावर ठेवला होता. झाडं मोठी झाली होती, रस्त्यावर सावली होती. कोपऱ्यावर गतिरोधक लागला, तिथं बाबा थांबले, पुढचं चाक हळूच वर घेतलं, मग मागचं, आणि उतरवलं.

पुढे बघतच त्यांनी विचारलं, "हादरा बसला का वो?"

माय म्हणाली, "नाही जी. एक थेंब सांडला नाही."

मागून मला बाबांची मान तेवढी हलताना दिसत होती. पुढच्या वळणावर हॉस्पिटलचं फाटक दिसू लागलं, तशी त्यांनी चाल आणखी हळू केली, आणि मायनं त्यांना घाई करा म्हटलं नाही.